तांब्यावर उमटलेलं अक्षर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेल्यांचे निरोप आणणाऱ्या बाबांनी तांब्याचा कोरा पत्रा सगळ्यांना दाखवला आणि गढूळ तपकिरी पाण्याच्या घमेल्यात सोडला.

"गेलेला माणूस कुठे जात नाही! फक्त टपाल बंद पडलंय. मी त्याचा पोस्टमन!"

दहा मिनिटं पुटपुटणं झालं. मग पत्रा वर आला आणि माझी ताई किंचाळली. तांब्यात भावजींचं अक्षर कोरलेलं होतं : 'गोळ्या बंद कर. मी आहे.'

भावजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. गोळ्या त्यांच्या मुलीच्या होत्या, फिट येऊ नये म्हणून. ताईने त्या त्याच दिवशी बंद केल्या. मी चिडलो, तर म्हणाली, "वडिलांपेक्षा मामाला जास्त कळतं का?"

पाचव्या दिवशी भाची शाळेच्या जिन्यावरून कोसळली. हनुवटीला सहा टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कोणी थांबवली?" "मीच," ताई म्हणाली.

मी दारावरच्या धातूच्या पाट्या करतो. त्या दिवशी मी ताईने घरी आणलेला तो पत्रा पहिल्यांदा हातात घेतला. 'आहे'च्या बाजूला मोहरीएवढा खड्डा होता. माझ्याही पाट्यांवर तो पडतो.

"ताई, बाबांना काय दिलं होतंस?"

"यांचं एक पत्र. तीन दिवस ठेवून परत दिलं."

मी ते मागून घेतलं. त्यात होतं : 'गोळ्या वेळेवर दे. खिडकी बंद कर. काळजी नको, मी आहे.'

कागदपत्रांना प्लास्टिक चढवायचं माझं घरगुती लॅमिनेटर मी ओट्यावर ठेवलं. पत्रातले तेवढेच शब्द जुळवून पारदर्शक कागदावर छापले. तांब्यावर प्रकाशाने घट्ट होणारी निळी फिल्म ठेवून पत्रा गरम रोलरांतून काढला. वर छापील कागद ठेवून ऊन दाखवलं. अक्षरांखाली ऊन पोचलं नाही, तिथली फिल्म धुण्याच्या सोड्यात निघून गेली. उघडं पडलेलं तांबं पाट्या कोरायच्या तपकिरी द्रावणाने खाल्लं. फिल्मखाली बुडबुडा राहिला की तिथेही खड्डा.

ताईने दोन्ही पत्रे शेजारी ठेवले. अक्षर न् अक्षर तेच.

"पण तो तर कोरा पत्रा बुडवतो," ती म्हणाली.

"गढूळ पाण्यात तळ दिसतो का?"

पुढच्या बैठकीत ती व्यासपीठावर चढली. बाबा ओरडले, "हात लावू नका, कोप होईल!" तिने घमेलं पायाने उलटं केलं. तपकिरी पाणी बाबांच्या पांढऱ्या बैठकीवर पसरलं आणि दोन पत्रे खणखणत बाहेर पडले : एक कोरा, एक आधीच कोरलेला, दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात. पहिल्या रांगेतला एक म्हातारा "आईचं अक्षर" म्हणत तो दुसरा पत्रा उचलून छातीशी धरून रडू लागला. मला त्याच्याकडे बघवेना.

घरी परतताना ताईने विचारलं, "म्हणजे हे काहीच बोलले नाहीत?"

"बोलले होते. गोळ्या वेळेवर दे, म्हणाले होते."

भाचीच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. हनुवटीवरचा व्रण मात्र राहणार. दुःखात माणूस काहीही मानतो. तो त्याचा गुन्हा नाही. पण कुणी चमत्कार दाखवला, तर घमेल्याचा तळ बघायला मागा. आणि औषध थांबवायचं असेल, तर जिवंत डॉक्टरला विचारा.