हवा तपासणे, इतरांकडून

"घाई, घाई, नुसती घाई! शर्टाची बटणं म्हणून कधी धड काढली नाहीत. डोक्यावरून ओढायचा, की फेकला. आता शिवत बसा!"

भावजय पलीकडच्या खोलीत घड्या घालताना पुटपुटत होती. आमच्यामधली भिंत नावालाच भिंत. तिकडे उसासा टाकला तर इकडे ऐकू येतो. ती चिडली होती माझ्या धाकट्या भावावर. तो वेल्डर होता. त्याला जाऊन छत्तीस दिवस झाले होते.

कारखान्यातल्या एका टाकीत वेल्डिंगसाठी उतरला, आणि आत श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती. चौकशी झाली. निकाल आला: कामगाराने घाई केली, हवा तपासल्याचा कागद हातात येईपर्यंत थांबला नाही. घरात सगळ्यांनी तो निकाल मुकाट्याने मानला. मीसुद्धा. माझ्याइतका तो सोयीचा कुणालाच नव्हता.

त्या टाकीचा स्कोप मी लिहिला होता.

कारखान्यात काही बांधायचं, दुरुस्त करायचं असलं की कुणी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधी कागदावर ठरवतात. तो कागद म्हणजे स्कोप. माझं शिक्षण बेताचं. टायपिस्ट म्हणून लागले आणि इंजिनियरांचे स्कोप टाइप करता करता एक दिवस स्वतःच लिहायला लागले. या कामातली सगळी विद्या एका शब्दात आहे: 'इतरांकडून'. जे काम या ठेकेदाराचं नाही, त्यापुढे तो लिहायचा. आमच्याकडचे इलेक्ट्रिकलवाले म्हणायचे, "बाई, हे इतर कोण हो? सगळ्यात जास्त कामं त्यांच्या नावावर, आणि साइटवर एकदा दिसतील तर शपथ!" आम्ही हसायचो. हल्ली ते हा विनोद करत नाहीत.

टाकीचे स्कोप दोन होते, एक सफाईवाल्यांचा, एक वेल्डिंगवाल्यांचा. सफाईच्या स्कोपमध्ये मी लिहिलं: आतली हवा तपासणे, इतरांकडून. तासाभराने दुसरा घेतला. जुन्या कामाची फाइल उघडली, टाकीचा नंबर बदलला, तारीख बदलली. त्यातही होतंच: आतली हवा तपासणे, इतरांकडून. जुन्या कामाच्या वेळी कारखान्याची स्वतःची माणसं हवा तपासायची, तेव्हा ते बरोबर होतं. या वेळी ती माणसं नव्हती. सफाईवाल्यांना वाटलं वेल्डिंगवाले बघतील. वेल्डिंगवाल्यांना वाटलं सफाईवाल्यांनी बघितलंय.

जो कागद द्यायला कुणी नव्हतंच, त्याच्यासाठी तो किती दिवस थांबणार होता?

आणि टाकीत उतरायच्या आदल्या संध्याकाळी दारातूनच ओरडत आला होता, "ताई, तुझा कागद आला साइटवर! खाली 'तयार केले' च्या पुढे तुझं नाव! सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, आमच्या ताईने लिहिलंय, डोळे मिटून कामाला लागा."

तर त्या छत्तिसाव्या दिवशी, भावजयीची पुटपुट ऐकून ऑफिसात गेले, तो साहेबांनी बोलावलं.

"बाई, टाकीचं काम सोमवारी पुन्हा सुरू करायचंय. ती एक ओळ बदला."

कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. जागेवर येऊन टाइप केलं: आतली हवा तपासणे, वेल्डिंगच्या ठेकेदाराकडून, सहीचा कागद मिळेपर्यंत कुणीही आत उतरू नये. मिनिटभराचं काम.

पहिल्या पानावर बदलांचा तक्ता असतो. त्यातला शेवटचा रकाना, बदलाचे कारण. तिथे बोटं अडली. साहेब केव्हा मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"सर्वसाधारण सुधारणा. सगळे तेच लिहितात."

"साहेब, हे सर्वसाधारण आहे?"

"बाई." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाचच पुसत बसले. "सही माझीही आहे त्यावर. मला काय झोप लागते असं वाटतं तुम्हाला? लिहा, आणि आज लवकर घरी जा."

मी लिहिलं. आणि लवकर घरी गेले.

जिन्यात भावाची मुलगी दिसली. आठ वर्षांची, शाळेतून येत होती. दोन्ही पाय एका पायरीवर ठेवायची, थांबायची, मग पुढची पायरी. हीच मुलगी दोन-दोन पायऱ्या गाळत वर यायची, शेजारचे ओरडायचे.

"काय गं, पाय दुखतोय?"

"नाही आत्या. मी घाई करत नाहीये."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. बाबाने केली ना. हळूहळू केलं की काही होत नाही."

परवा शाळेच्या पेपरात तिचे शेवटचे तीन प्रश्न लिहायचेच राहिले होते, वेळ पुरला नाही. जेवताना ती घास मोजून चावते. मी आपली समजत होते, पोरगी दुःखात आहे.

वर आलो. भावजयीने चहा टाकला होता.

"आलात? बघितलंत ना वन्सं, अर्धा तास लागतो हिला वर यायला. पण मी काही म्हणत नाही. बापापेक्षा बरी." चमचा ओट्यावर आपटला. "मी काही त्यांना माफ करायची नाही, सांगून ठेवते. दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? आमच्यासाठी एवढंही नाही?"

पोरगी दारात बसून बुटाची एक नाडी सोडत होती. गाठ नीट बघून, मग ओढून, पुन्हा बघून.

माझी पर्स अजून खांद्यावरच होती.

"गॅस बंद कर."

"झालाच की आता."

"बंद कर गं. आणि माझ्याकडे बघ. तूही ये इकडे, बूट राहू दे."

दोघी आल्या. भावजय पदराला हात पुसत होती.

"थांबून काही उपयोग झाला नसता," मी म्हटलं. "तो कागद कुणी द्यायचा हे मी लिहायला हवं होतं, आणि मी ते लिहिलं नाही. त्याने घाई केली नाही. तो माझ्या चुकीने गेला."