विहिणीच्या नावाची बुडी

सारजाबाईंना मिरवायची हौस भारी. त्यात गैर काही नाही, सोलापुरात ती कुणाला नाही? नवी पेठेतून घेतलेलं लुगडं घडी मोडायच्या आधी चार घरांत दाखवून आणल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, अशी माणसं आमच्याकडे पैशाला पासरी. पण सारजाबाईंची गोष्ट या हौशीपासूनच सांगावी लागते, कारण पुढची सगळी शोभा तिनेच केली.

मुलाने, अजिंक्यने, आईला यात्रेच्या बसमध्ये जागा घेऊन दिली होती. उज्जैन, प्रयाग, काशी, अयोध्या, मथुरा आणि येताना आग्रा. सोबत गाईड, आणि सोबत आपला स्वयंपाक. हे फार महत्त्वाचं. आपली माणसं देवासाठी हजार मैल जातील, पण तिथली पुरीभाजी तिसऱ्या दिवशी खाणार नाहीत. म्हणून बसच्या पोटात शेगड्या, पातेली, ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणीचे डबे. यजमान हिंदुराव मात्र गुडघ्यांमुळे घरीच राहिले. "देव हितंबी हायच की," म्हणाले आणि टीव्हीपुढे बसले.

सारजाबाईंच्या शेजारची जागा सावित्रम्मांना मिळाली. नवी पेठेत त्यांच्या घरचं कापडाचं मोठं दुकान, हातात पाटल्या, बोलण्यात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी. अशी शेजारीण मिळाल्यावर सारजाबाई गप्प बसतात कशा! मोहोळ यायच्या आत त्यांनी मुलाची नोकरी सांगून संपवली आणि सुनेवर आल्या.

"आमची अंकिता करकंबची. बागायतदाराची लेक. नजर जाईल तितवर ऊस. आमच्या इहिणीनं तर जन्मात चुलीला हात लावला न्हाय. सैपाकाला बाई, धुण्याला बाई."

"नशीब काढलंसा री," सावित्रम्मा म्हणाल्या.

खरं काय ते सारजाबाईंना ठाऊक होतं. करकंबला तुकडाभर जमीन होती, ती दिरांनी कसायला घेतली होती. अंकिताचे वडील वारल्यापासून विहीण टेंभुर्णीला बहिणीकडे राहत होती. पण खरं सांगायला बसमध्ये कोण बसतं?

बोलाफुलाला गाठ पडावी तशी बस टेंभुर्णीच्या चौकात थांबली. गाईड मंजुनाथ माइकवर म्हणाला, "मंडळी, आता आपली अन्नपूर्णा चढणार. टाळ्या!" आणि डोक्यावर पातेलं घेतलेली पहिली बाई पायरी चढून आत आली, ती सारजाबाईंची विहीण, फुलाबाई.

फुलाबाईंचा चेहरा एकदम उजळला. परक्या गर्दीत आपलं माणूस दिसल्यावर उजळतो तसा. "अगं बया, इही..."

सारजाबाईंनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर खताच्या दुकानाची पाटी होती. ती त्या अक्षर अक्षर वाचायला लागल्या.

फुलाबाईंचा शब्द तोंडातच राहिला. सावित्रम्मांच्या पाटल्यांकडे त्यांनी बघितलं, सारजाबाईंच्या मानेकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"पाय घ्या वाईच, ताई. पातेलं जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि मागे गेल्या.

त्याच वेळी सारजाबाई उठल्या असत्या, 'आवं, ह्या आमच्या इहीणबाय' म्हणाल्या असत्या, तर चार घटका फजिती झाली असती आणि मिटलं असतं. पण करमाळा गेलं, नगर गेलं, आणि लाज शिळ्या भाकरीसारखी कडक होत गेली. पहिल्या तासाला जे अवघड होतं ते दुसऱ्या दिवशी अशक्य झालं.

लोक म्हणतात, जनाची नाही तर मनाची तरी धरावी. सारजाबाईंनी उलटं केलं. जनाची धरली आणि मनाची सोडली.

उज्जैनला पहिली पंगत बसली. फुलाबाई वाढत आल्या. सारजाबाईंच्या ताटात त्यांनी वरची कडक भाकरी न वाढता तळातली मऊ भाकरी काढून वाढली, कारण विहिणीचे दात त्यांना माहीत होते. सारजाबाईंनी मान वर केली नाही. त्यांना लग्न आठवत होतं. मुलाच्या लग्नात त्या मानावरून रुसून बसल्या होत्या. जिलबी आधी व्याह्यांच्या पाहुण्यांना गेली म्हणे. तेव्हा ह्याच फुलाबाई हात जोडून आल्या होत्या आणि "इहीणबाय, बसा" म्हणत त्यांनी सारजाबाईंना हाताला धरून पाटावर बसवलं होतं. वरून स्वतः वाढलं होतं.

"ह्या मावशीच्या हाताला लई चव हाय री," सावित्रम्मा चटणी चाटत म्हणाल्या. "कुटल्या तुमी, मावशी?"

"आपल्या हिकडचीच की. टेंभुर्णीची," फुलाबाई म्हणाल्या. करकंबचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मंजुनाथ मोठा हौशी गाईड. कुठलीही वास्तू दाखवली की तिला सोलापूरच्या गजाने मोजायचा. हा किल्ला आपल्या भुईकोटाच्या किती पट, हा घाट आपल्या सिद्धेश्वर तळ्याच्या किती पट. बस हसायची. सारजाबाईंना मात्र महाकाल दिसला नाही आणि संगमही दिसला नाही. देवापुढे हात जोडले की मागून पातेल्याचा आवाज ऐकू यायचा, आणि नसला तरी यायचा.

काशीत धर्मशाळेच्या अंगणात उतरल्यावर सारजाबाईंनी रोजच्यासारखा घरी फोन लावला. व्हिडिओत अंकिता आली. तिने काशी बघायला मागितली, म्हणून सारजाबाईंनी फोन अंगणभर फिरवला. कोपऱ्यातल्या नळावर फुलाबाई हंडा घासत होत्या. लेकीचा आवाज ऐकून त्यांचे हात थांबले, आणि फोन आपल्याकडे वळतोय हे बघून त्या पदर ओढून खांबामागे झाल्या.

"लई भारी हाय की, आत्या," अंकिता म्हणाली. "एकदा आमच्या आईलाबी दावायची हाय मला काशी. ती कधी कुटं गेलीच न्हाय."

"दावू की," सारजाबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या खांबाकडे गेल्या. आजूबाजूला कुणी नाही हे आधी बघितलं. विहिणीशी बोलायलासुद्धा चोरासारखं बघावं लागलं, याची त्यांना शरम वाटली. पण बघितलं.

"इहीणबाय, माझं चुकलं. मी त्या सावित्रम्मांना लई काय काय सांगून बसले."

"ताईच म्हणते मी. कुणी ऐकंल," फुलाबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सारजाबाईंना सोसवेना. "माझंबी झाकलेलंच बरं हाय. अंकीला ठाव न्हाय मी भांड्याकुंड्याला जाते ते. सासरी तिची मान खाली व्हायला नगं."

सासरी म्हणजे कुणाच्या घरी? सारजाबाईंच्याच. आपल्याच घरात त्या पोरीची मान खाली जाईल असं तिच्या आईला वाटतंय, आणि वाटतंय ते खोटंही नाही.

"काय करू मी तुमच्यासाठी?" सारजाबाईंनी विचारलं.

फुलाबाईंनी हात पदराला पुसले. "सकाळी तुमी घाटावर जाणार. आमाला हितनं हलता येत न्हाय, नाष्टा असतोय. एक बुडी माझ्या नावानं मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी गंगेत उतरली. ज्याच्या नावाची बुडी त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, असं मंजुनाथने सांगून ठेवलं होतं. सारजाबाईंनी हिंदुरावांच्या नावाची मारली, अजिंक्यच्या नावाची मारली. मग शेजारी सावित्रम्मा आहेत हे बघून तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या.

"कुणाची री ही?" सावित्रम्मांनी विचारलं.

"इहिणीची."

"अय्यो! काय माया म्हणायची ही! आमची इहीण मला तोंड दावत न्हाय, आन् तुमी तिच्या नावानं गंगेत!" सावित्रम्मांनी तिथेच कमरेइतक्या पाण्यात सारजाबाईंना हात जोडले. सारजाबाईंनी पुन्हा बुडी मारली. ती कुणाच्या नावाची नव्हती. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती म्हणून मारली.

दुपारी पंगतीत सावित्रम्मांनी हे सगळ्यांना सांगितलं. फुलाबाई तेव्हा आमटीचं भांडं घेऊन समोरच उभ्या होत्या.

"ऐकलंसा का मावशी? इहीण असावी तर अशी!"

फुलाबाईंनी सारजाबाईंच्या वाटीत आमटी ओतली. "नशीबवान हाय ती इहीण," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे गेल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या. मारला असता तर बरं झालं असतं.

यात्रा करून बस सोलापूरला परतली. फुलाबाई टेंभुर्णीलाच उतरल्या. उतरताना त्यांनी मागे बघितलं नाही.

काशी करून आलं की आमच्याकडे मावंदं घालावं लागतं. गंगेच्या गडूची पूजा करायची, चार माणसांना जेवू घालायचं, आणि येणारा जाणारा काशीहून आलेल्याच्या पाया पडणार. सारजाबाईंनी टाळून बघितलं. पण घरच्यांनी फोनवरून सगळ्यांना बोलावलंही होतं. बसमधल्या मंडळींना हिंदुरावांनी, मंजुनाथकडून नंबर घेऊन, आणि आईला अंकिताने.

मावंद्याच्या दिवशी सकाळपासून शेजारपाजारचे लोक सारजाबाईंच्या पाया पडून जात होते. पहिली अंकिता पडली. प्रत्येक डोकं वाकलं की सारजाबाईंना वाटायचं, पाय मागे घ्यावेत. त्यांचं लक्ष पुढच्या दाराकडे होतं. फुलाबाई येतील, सावित्रम्मा बघतील, आणि मग काय? आपण काय बोलायचं? रात्रभर पाठ केलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

पंगत बसली. "तुमची इहीण कुटं हाय री?" सावित्रम्मांनी पानावर बसता बसता विचारलं. "बुडीवाली? मला बघायची हाय."

"यायल्यात," सारजाबाई म्हणाल्या.

फुलाबाई पुढच्या दाराने आल्याच नाहीत. त्या मागच्या दाराने आल्या, पदर कमरेला खोचला, पुरणपोळ्यांची बुट्टी उचलली आणि वाढायला सुरुवात केली. बसमधली माणसं असणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. काय केलं म्हणजे विहिणीची अब्रू राहील, तेही घरून ठरवून आल्या होत्या.

"अय्यो, मावशी!" सावित्रम्मा खूश झाल्या. "सैपाकाला तुमालाच बोलावलं व्हय? लई बेस केलंसा, सारजाबाई."

"व्हय की. ह्यांनीच बोलावलं," फुलाबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर सारजाबाईंना क्षणभर हायसं वाटलं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. आणि त्या हायसं वाटण्याचीच त्यांना दुसऱ्या क्षणी शिसारी आली. मावंदं त्यांच्या घरचं, देव त्यांच्या घरचा, आणि मुलाची सासू मोलकरीण होऊन पोळ्या वाढतेय, त्यांच्यासाठी.

तेवढ्यात तुपाचं भांडं घेऊन अंकिता बाहेर आली. "आई! तू कवा आलीस? आन् वाढाय का लागलीस?"

सावित्रम्मांचा घास हातातच राहिला. "आई?" त्यांनी फुलाबाईंकडे बघितलं, मग सारजाबाईंकडे. "ह्या तर आपल्या बसमधी होत्या. काशीला, मथुरेला..."

अंकिता आईकडे बघत राहिली. "आई, तू काशीला गेलतीस?"

"सैपाकाला गेलते गं," फुलाबाई खाली बघत म्हणाल्या. "देव कुटं बघितला."

अंकिता सासूकडे वळली. ती ओरडली नाही. "तुमी रोज फोन करत हुता, आत्या," ती म्हणाली. "रोज."

सारजाबाईंना जागा मिळाली असती तर जमिनीत गेल्या असत्या. त्या पाटावरून उठल्या. सगळ्यांच्या देखत, घसा खाकरून, त्यांनी हाक मारली, "इहीणबाय, बसा. माझ्या पाटावर बसा."

फुलाबाई वळल्याच नाहीत. हाक आपल्याला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी पुढच्या पानावर पोळी वाढली.

अंकिताने तुपाचं भांडं खाली ठेवलं, आईच्या हातातली बुट्टी काढून घेतली आणि वाकून आईच्या पायावर डोकं ठेवलं. काशीहून आलेल्या माणसाच्या पाया पडतात, तसं. तिच्या मागोमाग सावित्रम्मा पानावरून उठल्या. खरकटा हात मागे धरून, दुसऱ्या हाताने, त्याही पाया पडल्या.

मग सारजाबाई पुढे झाल्या. मुलाच्या आईने मुलीच्या आईच्या पाया पडायचं, असं आमच्याकडे कधी होत नाही. सारजाबाई वाकल्या. फुलाबाई घाबरून मागे सरल्या आणि त्यांनी सारजाबाईंना दोन्ही दंडांना धरून वर उठवलं.

"राहू द्या, राहू द्या, ताई."

सगळ्या पंगतीने ऐकलं. अंकितानेही.

"ताई नगं," सारजाबाईंचे डोळे भरून आले. "इहीणबाय म्हना की."

फुलाबाईंनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेलं, ओशाळं हसू आलं, जणू चूक त्यांचीच होती.

"येईना की वो तोंडात," त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या हातातली बुट्टी परत मागू लागल्या.