चौकोनातला नंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. टायपिंग, फोन, पेशंटची समजूत काढणं आणि डॉक्टरांचा हरवलेला चष्मा शोधणं, सगळं माझ्याच गळ्यात. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, हे बाहेर कुणाला सांगू नका.

मध्यंतरी मी कॉम्प्युटरवर एक युक्ती शिकले. दवाखान्याचं नाव, पत्ता, वेळा आणि तातडीचा नंबर असा एक चौकोन टाइप केला आणि त्याला नाव देऊन सेव्ह करून ठेवला. मग कुठल्याही कागदावर दोन अक्षरं टाइप करून एक बटण दाबलं, की अख्खा चौकोन हजर. डॉक्टर म्हणाले, "वा! तुम्ही तर इंजिनिअर झालात." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

परवा डॉक्टरांचा तातडीचा नंबर बंद झाला आणि नवा आला. मी ताबडतोब चौकोनातला नंबर बदलला, त्याच नावाने पुन्हा सेव्ह केला. आता सगळ्या कागदांवर तो आपोआप बदलणार, असं मी धरून चालले. कुणाला विचारलं नाही. इंजिनिअर कशाला विचारतील?

आज संध्याकाळी उद्याच्या ऑपरेशनांसाठी सूचनांचा कागद उघडला. खाली जुनाच नंबर. बदललेला चौकोन इथून पुढे घालीन तिथे येणार होता. आधी घालून ठेवलेला होता तिथेच, होता तसाच बसला होता. आणि हाच कागद सकाळी ऑपरेशन झालेल्या तीन पेशंटना मी दिला होता. वाचूनही दाखवला होता. तो नंबर इतकी वर्षं तोंडात बसलाय, की वाचताना मला काही खटकलंच नाही.

मी फोन फिरवायला घेतले. पहिल्या पेशंटच्या मुलाने नवा नंबर लिहून घेतला. दुसरे आजोबा ठणठणीत होते. उलट मलाच विचारत बसले की दाढी कधी करू. तिसरा फोन माझ्या थोरल्या जावेला करायचा होता.

आम्ही दोन वर्षं बोलत नाही. कारण सांगायलाही लाज वाटते: सासूबाईंचं शिलाई मशीन. ते तिच्याकडे गेलं, आणि तिला तर साधी शिवणसुद्धा सरळ घालता येत नाही. मोठे दीर गेल्यापासून ती एकटी राहते. सकाळी मी कागद वाचून दाखवला तेवढाच; बाकी डॉक्टरांमार्फत विचारलं, रात्री सोबतीला येऊ का? "गरज नाही," असं उत्तर त्यांच्यामार्फतच आलं. तिच्या एका डोळ्याला पूर्वीपासून फक्त उजेड-अंधार कळतो. आज ऑपरेशन झालं ते दुसऱ्या, कामाच्या डोळ्याचं.

फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. दहा मिनिटं तेच. आधी मला राग आला. माझा नंबर ओळखून कट करत असणार, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. दवाखान्याच्या फोनवरून लावला, तरी व्यस्त. म्हणजे तीच कुणाला तरी सारखा फोन लावत होती. मग मात्र राग कुठल्या कुठे गेला आणि मी डॉक्टरांच्या खोलीत धावले.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्यांना घेऊनच या," म्हणाले. "कधी कधी डोळ्यातलं प्रेशर वाढतं. वेळेत उतरवलं नाही तर नजर जाते. मी थांबतो."

टॅक्सीत मी नखं कुरतडत बसले. प्रत्येक सिग्नल लालच. मनात नको नको ते येत होतं, आणि त्यातही ते मेलं शिलाई मशीन येत होतं. घे बाई, दहा मशीनं घे, फक्त डोळा शाबूत असू दे.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली होती, डोळ्यावर पट्टी, पायाशी बादली. ओकारी झालेली दिसत होती. हातातल्या फोनमधून बाई बोलत होती: हा क्रमांक अस्तित्वात नाही. तिने चाचपडत बटण दाबून फोन बंद केला आणि पुन्हा तोच लावायला घेतला.

"वहिनी, मी आलेय."

तिचा अंगठा थांबला. "दुपारपासून लावतेय," ती म्हणाली. "दोनदा वाचून दाखवलास. मी पाठ केला. दुसरा शोधायला दिसतंय कुठे?" मग अगदी हळू म्हणाली, "मुद्दाम दिलास का गं?"

मला कानाखाली वाजवली असती तर चाललं असतं. "नाही हो वहिनी, आईशप्पथ नाही. चुकले मी. उठा, आधी चला." ती उठली. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिचा हात माझ्या हातात होता. टॅक्सीत मी चौकोनाचं सगळं रामायण सांगायला लागले. "डोकं फुटतंय, नंतर सांग," ती म्हणाली, पण हात सोडला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी प्रेशर मोजलं आणि चेहरा गंभीर केला. थेंब, गोळ्या, सलाइन. पुन्हा मोजलं. पुन्हा थेंब. मी भिंतीला टेकून उभी होते. मला बसवत नव्हतं आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, "उतरतंय." तिचा अधू डोळा हाताने झाकून त्यांनी बोटं समोर धरली.

"किती?"

तिने मान थोडी पुढे केली.

"किती बोटं आहेत, ताई?"

"दोन," ती म्हणाली. "आणि तुमच्या मागे ती उभी आहे. तिला म्हणावं रडू नकोस, दिसतंय मला."