दक्षिण वर

औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर मंगळाचा नकाशा बनत होता. खोटं नाही. मंगळाभोवती फिरणारं यान वरून फोटो काढतं, एक परदेशी कंपनी ते फोटो इथं धाडते आणि पोरं-पोरी कॉम्प्युटरवर खड्ड्याला लाल गोल, टेकडीला निळा गोल मारतात. पुढचं यान कुठं उतरवायचं ते याच नकाशावरून ठरणार.

मोनालीची नजर सगळ्यांत तेज. मागच्या आठवड्यात मालक विश्वजीतनं तिला चेकर केलं, पेढे वाटले. आता प्रत्येक फोटोखाली 'तपासलं' म्हणून तिचं नाव. आज संध्याकाळी नकाशा कंपनीला जायचा होता.

दुपारी डबे उघडले. मोनालीनं स्क्रीनवरून फोनमध्ये काढलेला एक फोटो उघडून फोन टेबलावर ठेवला. समोर बसलेल्या पिशोरच्या सत्यमनं भाकरी मोडता मोडता मान वाकवली.

"खड्डे लई हायेत गं. आमच्या गावचा रस्ता बरा."

"टेकड्या हायेत त्या. आंधळा झाला का?"

"इकडून ये अन् बघ. टेकड्या म्हणं."

ती टेबलाला वळसा घालून त्याच्या मागं उभी राहिली. फोन जागचा हलला नव्हता. टेकड्या मात्र गायब. सगळे खड्डे. खोल, काळे, एकाला एक लागून.

ऊन वरून पडतं असं धरून चालायची डोळ्याची सवय. चित्र उलटं धरलं की सावली दुसऱ्या काठाला जाते आणि खड्डा फुगून टेकडी होतो.

चित्रं उलटी कुणी केली? विश्वजीतनं. फोटो यायचे ते दक्षिण वर असलेले. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "दक्षिण डोक्यावर? यमाची दिशा हाय ती. आपल्या ऑफिसात नाय चालायचं. फिरवा सगळे." याच वास्तूपायी त्यानं संडासाला कुलूप घातलं होतं, पोरी खालच्या दुकानदाराच्या विनवण्या करायच्या. तिथं कुणी तोंड उघडलं नाही, मंगळासाठी कोण उघडणार? इतक्या गोल टेकड्या बघून मोनालीला एकदा खटकलंही होतं. मग तिनंच मनाला समजावलं, परका ग्रह, असेल तिथली रीत.

ती हात न धुता केबिनमध्ये गेली. टेबलावर संध्याकाळी फोडायचा नारळ ठेवलेला.

"सर, सगळं उलटं झालंय. आपण टेकड्या दाखवल्या तिथं खड्डे हायेत."

विश्वजीतनं फोनकडं बघितलंसुद्धा नाही.

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"झाला महिना."

पेढे मागच्या आठवड्यातले होते.

"मग मला चेकर..."

"कुणाचं तरी नाव लागतंच ना, पोरी. तुमच्या वस्तीतल्या कुणाचं नाव गेलं होतं मंगळावर? जा, जेवून घे."

ती बाहेर येऊन खुर्चीत बसली. सत्यमनं विचारलं, "काय म्हणला?" तिनं स्क्रीनवरचा फोटो फिरवला. दक्षिण वर. अख्खा पडदा खड्ड्यांनी भरला. एकेक मान वळली. मोनालीच्या बोटांना अजून भाजीचं तेल होतं.

त्याच बोटांनी तिनं कंपनीला मेल लिहिली. दोन्ही फोटो जोडले. चूक काय, फोटो कुणी फिरवायला लावले, मालकाला कधीपासून माहीत आहे, सगळं. खाली नाव लिहिलं, मोनाली कडुबा साळवे.

"नोकरी जाईल," सत्यम हळूच म्हणाला.

"नाव तर माझंच लागणार हाय ना? मग खऱ्याखाली लागू दे."

आणि तिनं बटण दाबलं.