बाजरीच्या रांजणातला नगोनी

मी एक जुना नगोनी आहे. होडीसारखे कोरलेले लाकूड, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे आणि चार तारा, एवढाच माझा देह. मालीत, नायजर नदीच्या काठी, अल्हुसेनीच्या आजोबांनी मला घडवले. त्यांचे घराणे भाटांचे. कोणत्या राजाने कोणती लढाई जिंकली, कोणाचा पणजोबा कोण, हे सारे ते, आणि पुढे अल्हुसेनी, माझ्या साथीने गात. बारसे असो की लग्न, माझ्यावाचून सगळ्यांचे अडत असे.

मग बंदूकवाले आले, मित्रांनो. गाणे म्हणजे पाप, असे म्हणत त्यांनी त्यावर बंदी घातली. बाजारात ढोल आणि गिटारींचा ढीग पेटवला. कातडी तडतडल्याचा आवाज मला घरात ऐकू आला.

"नदीत टाकतो ह्याला," अल्हुसेनी म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मग मलाही टाका," त्याची बायको हमसातू म्हणाली आणि तिने मला बियाण्याच्या बाजरीच्या रांजणात पुरले.

दुसऱ्याच दिवशी ते झडतीला आले. एकाने बंदुकीची नळी रांजणात खुपसली. ती माझ्या तारेला घासली आणि मी, करंटा, घुमलो!

"काय वाजलं ते?"

"ह्यांचं पोट," हमसातू कडाडली. "कालपासून उपाशी आहेत. बियाणं शिजवू म्हणतात, मी देत नाही. तुम्हीच सांगा ह्यांना चार शब्द!"

एकजण फिसकन हसला. नळी बाहेर निघाली. ते गेल्यावर हमसातू मटकन खाली बसली.

पुढे कित्येक महिने मी त्या काळोखात होतो. दार वाजले की माझ्या तारा आखडत.

अखेर बंदूकवाले पळाले. अल्हुसेनीने मला बाहेर काढले, तारा जुळवल्या, गायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. पुन्हा पहिल्यापासून गायला. पुन्हा तिथेच अडला.

"हमसातू, पुढचं नाव आठवत नाही गं." झडतीच्या वेळीही तो इतका घाबरला नव्हता. आणि मी? माझ्या पोटात तर नावे नसतातच, मित्रांनो. मी नुसते लाकूड.

"मग दारात बसून गा," ती म्हणाली.

"लोकांसमोर? अडलो तर?"

"अडा."

तो दारात बसला. गल्ली जमली. नेमका त्याच जागी तो अडला. तेवढ्यात मासे विकणारी बिंतू टोपली आपटत ओरडली, "हम्मादी! माझ्या सासऱ्याचा आजा. त्यालाच बरं विसरलात!"

गल्ली हसली. अल्हुसेनीला रडू फुटले, पण हात थांबला नाही.

मित्रांनो, रांजणाने मला वाचवले, गाणे मात्र त्यात टिकले नसते. म्हणून विनवून सांगतो, तुमच्या घरातली जुनी वाद्ये नुसती पुसून ठेवू नका. ती वाजवा, चुका, कोणाला तरी विचारा. मला आगीची भीती अजून वाटते. पण त्याहून जास्त भीती वाटते ती कोणीच न ओरडणाऱ्या गल्लीची.