दळणारीचं नाव

हरणाबाईचं हे मी लिहिणारच नव्हतो. लिहिलं तर माझंच खोटं उघडं पडतं.

त्र्याहत्तर साली मी साताऱ्यात कचेरीबाहेर टायपिंग करायचो. इंग्रजी डिक्शनरी घेऊन घरीच शिकलो होतो. माझा दोस्त जोतीराम गोऱ्यांच्या दफनभूमीची राखण करायचा. एक दिवस तो विलायतेहून आलेलं पाकीट घेऊन आला. तिथं पुरलेल्या क्रॉफ्टन पाद्र्याची नात घराण्यावर पुस्तक लिहीत होती. घरात कोण कोण लिहायचं, कुठल्या लेखकांची ऊठबस होती, थडगं कसं आहे, सगळं तिला हवं होतं. सोबत तिच्या आजीच्या, म्हणजे पाद्र्याच्या मडमेच्या, नावानं छापलेल्या मराठी ओव्यांचं एक पान.

जोतीरामच्या घरी मी ते पान मोठ्यानं वाचायला घेतलं.

"मेढ्याच्या घाटामंदी वाजे घुंगुरगाडी..."

शेंगा फोडत बसलेली त्याची आई, अंबूबाई, मान वर न करताच म्हणाली, "गुंडा माझा बंधू घेऊन येतो साडी."

मी पान खाली ठेवलं. "आवं मावशी, तुमाला कसं ठावं?"

"माझी आय हरणाबाई पाद्र्याच्या घरात दळायची. मडम वही घिऊन जात्याजवळ बसायची म्हणं. गुंडा माझा मामा, मेढ्याचा. पलेगात मेला त्यो. तरी आय त्याला गाडीतनं आणतच हुती."

"पण हितं नाव मडमेचं हाय."

"आयचं कसं असंल? ओवीत बाई आपलं नाव घेती व्हय रं? भावाचं घेती. पर आता तू कागदात घाल. हरणाबाई म्हणून."

बाहेर आल्यावर जोतीरामनं माझा हात धरला. "नगं घालू गड्या. तिच्या आजीला चोर म्हनल्यागत व्हतंय. तिनं वर कळवलं तर माझी राखण जाईल."

मी ऐकलं. थडगं नीट आहे, भोवती गुलाब लावलेत, एवढंच टाइप केलं.

दोन वर्षांनी छापलेलं पुस्तक आलं. तोवर अंबूबाईला दिसायचं बंद झालं होतं. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं.

"आलं का रं आयचं नाव?"

जोतीराम माझ्याकडं बघत राहिला.

"आलंय, मावशी."

"कुठं? माझं बोट ठिव त्यावर."

मी तिचं बोट धरलं आणि मडमेच्या नावावर टेकवलं. ती किती तरी वेळ ते बोट तिथंच फिरवत होती. पीठ बारीक झालंय का बघतात, तसं.

परवा अंबूबाई गेली. मातीहून परतताना जोतीराम म्हणाला, "तू आयला फसवलंस." चार पावलं चालला. "न्हाई. मीच तुला लावलं फसवायला. आता ल्ही गड्या. राखण गेली तर गेली."

"लिवतो," मी म्हणालो. "मराठीत लिवतो, विलायतेला बी लिवतो. आन् तुझ्या आज्जीचं नाव पयल्या ओळीत घालतो."