कानापुरती गिटार

माझ्या अनारशांच्या डब्याला ज्या दिवशी भोकं पडली, त्या दिवशी रात्रीपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही. चांगला ॲल्युमिनियमचा, आईनं दिलेला डबा. ह्यांना तो गिटारच्या ॲम्पच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या खोक्याच्या, सांगाड्याला हवा होता. "लोखंडाचा घेतला तर कुरकुर करतोय," म्हणाले. म्हणजे माझी कुरकुर चालेल, डब्याची नाही.

हे म्हणजे विश्वजित. दिवसभर सांगलीत विश्रामबागेत इन्व्हर्टर दुरुस्त करतात आणि लग्नसराईत, जत्रांत नानासोंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. आमचं लग्न ठरताना माझ्या भावानं मुलगा काय करतो म्हणून विचारलं, तेव्हा सासऱ्यांनी इन्व्हर्टरचं तेवढं सांगितलं. गिटारचं गिळून टाकलं.

ऑर्केस्ट्राचे मालक नानासो कुठंतरी मोठा कार्यक्रम बघून आले आणि त्यांच्या डोक्यात मुक्या स्टेजचं खूळ शिरलं. स्टेजवर एकही स्पीकर नको. ड्रमच्या जागी रबराच्या चकत्या, प्रत्येकाच्या कानात इअरफोनची बोंडं, ज्याचं त्यानं कानात ऐकायचं. बाहेरच्या लोकांना काय ऐकवायचं ते समोरच्या टेबलावरचा साउंडवाला ठरवणार. ह्यांच्या ॲम्पचा आवाज गाणारीच्या माइकात घुसतो, ही त्यांची जुनी तक्रार होतीच. "विश्वजित, तुजं ते धूड स्टेजवर आलं तर तू बी येऊ नगंस," असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. ह्यांनी आवाज न करणारा ॲम्प बनवायला घेतला. माधवनगरच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह आणले, ते काचेचे, तापले की आतून लाल होणारे. ताकद जेमतेम एक वॉट. आणि स्पीकरच्या जागी बोटाएवढा जाड रेझिस्टर. त्यात आवाज म्हणे जळून जातो.

"जाळायचाच असंल तर काढायचा कशाला?" मी विचारलं.

"अगं, व्हॉल्व्ह दमला की सूर कसा फुटतोय बघ. मोठ्या ॲम्पात त्यो फुटस्तवर गाव जागं हुतंय. ह्यात हळूच फुटतोय, आन् तेवढाच वायरीनं साउंडवाल्याच्या मिक्सरला जातोय. स्टेजवर चिडीचूप."

ते खोकं आमच्या ओट्यावर बाळंत झालं. फोडणीत सोल्डरचा वास, पिठात तांब्याच्या तारेचे तुकडे. एकदा बटण बंद करून आत हात घातला आणि असे उडाले की पोळपाटच खाली आला. "बंद केल्यावर बी करंट ऱ्हातोय आत," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या आईचं बी तसंच हाय, भांडाण मिटलं तरी." हसलो दोघं. खरं सांगते, त्या दिवसांत घर बरं वाटायचं.

त्यातच साताऱ्याच्या एका कारखान्यातून मेंटेनन्सच्या कायम नोकरीचं बोलावणं आलं. येणार की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. मला तर पंख फुटले. पण ह्यांनी वेगळंच मांडलं. "रविवारी कुंडलला कार्यक्रम हाय. ह्या खोक्यावर गिटार लोकांस्नी गोड लागली तर मी सांगली सोडत न्हाई. न्हाई लागली तर गप साताऱ्याला जातो, परत गिटारचं नाव काढत न्हाई." माझं सगळं चित्त नोकरीत, तरी त्या माणसाची गिटार पडावी असं काही माझ्या तोंडून निघेना.

कुंडलला एक सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आले होते, त्यांचा सत्कार. फेटे, हार, जीपमधून मिरवणूक, मग ऑर्केस्ट्रा. खुर्च्या भरल्या होत्या म्हणून मी साउंडवाल्या अमृतच्या टेबलाशेजारी बसले. हे ऑर्केस्ट्राचा झगमगीत कोट घालून डोळे मिटून वाजवत होते, मागं माझ्या डब्यात व्हॉल्व्ह लाल झालेले. लोकांसमोरच्या स्पीकरच्या बॉक्समधून गिटार अशी स्वच्छ येत होती की माझा ऊर भरून आला. साताऱ्यावर मी मनातल्या मनात पाणी सोडलं.

आणि ह्यांची तार तुटली. मला दिसली, लखकन उडालेली. ह्यांनी हात थांबवला, लोंबणारं टोक ओढून काढायला लागले. बॉक्समधली गिटार मात्र चालूच. एक सूर कमी नाही.

"अमृत, हे कोण वाजवतंय?"

त्यानं मान खाली घातली. "वैनी, गिटार रेकॉर्डिंगवर हाय. कानात बोंडं आली तवापासनं. दादांचं दादांच्या कानात तेवढं सोडतोय."

"मग ते खोकं कशाला करू दिलं?"

"नानासो म्हणाले, करू दे, नाद हाय त्येला. लोकांस्नी मोबाइलवर ऐकलंय तसंच पायजे असतंय. पर गिटारवाला हुबा दिसाय पायजे. न्हाई तर लाइव्ह कसं म्हणायचं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा घाम गाळून माणूस एकट्या स्वतःलाच ऐकवत होता, आणि बाहेर टाळ्या पडल्या की मान लववत होता. तोवर ह्यांनी नवी तार चढवून सूर लावला, पुढचं गाणं सुरू झालं. टेबलावरच्या मिक्सरवर 'गिटार' लिहिलेली, आवाज कमीजास्त करायची पट्टी तळाशी पडली होती. मी म्हटलं, "रेकॉर्डिंगमधली गिटार बंद कर. ही मी वर करणार." अमृत मनानं वाईट नव्हता. त्यानं तसं केलं, आणि मी पट्टी वर सरकवली.

आली ह्यांची गिटार. मधे मऊ आणि कडेनं करपलेली, भाकरीसारखी. ओट्यावर महिनोन् महिने ज्याच्यासाठी जीव काढला तो फुटलेला सूर पहिल्यांदाच चारचौघांत आला होता. मला रडू आलं.

पुढच्या रांगेतून सुभेदारांचे चुलते फेटा सावरत टेबलाशी आले. "आरं गड्या, बॉक्स फाटलाय काय तुजा? लय खरखर येतीया." मागच्या दोघातिघांनी माना हलवल्या. अमृतनं माझ्याकडं पाहिलं. त्यानं पट्टी खाली घेतली, रेकॉर्डिंग वर केलं. "हां, आता कसं!" म्हणत चुलते जागेवर गेले.

कार्यक्रम संपला. हे स्टेजवरून उतरले ते हसतच. "बघितलंस? कुणी कान झाकलं न्हाईत. नानासो बी खूश. उद्या साताऱ्याला न्हाई म्हणून कळवतो."

गप्प बसले असते तर त्यांचं सुख तसंच राहिलं असतं. पण ह्या खोट्यावर त्यांनी पोटापाण्यावर लाथ मारावी हे मला सोसवेना. मी सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग, पट्टी, सगळं.

हे वायर गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले. मग म्हणाले, "किती येळ बाहीर आली?"

"एक कडवं."

"कशी वाजली?"

"चांगली वो. लय चांगली."

"लोकं काय म्हणाली?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण निघालं ते खरंच. "बॉक्स फाटलाय म्हणाली."

हे हसले. "म्हंजी एक कडवं तरी ऐकलं." आणि तिथंच खोकं मांडीवर घेऊन बसले. नानासोंचा गळा धरावा असा संताप आला मला, आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडं काही करता येईना.

सोमवारी ह्यांनी साताऱ्याला होकार कळवला आणि लगेच नानासोंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. हे म्हणाले, "नानासो, मी ऑर्केस्ट्रा सोडतोय."

कारण विचारतील, निदान थांब म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"बरं," नानासो म्हणाले. "जाताना कोट तेवढा देऊन जा. आन् तुज्या मापाचा कोण असंल तर बघून ठेव, गड्या. वाजवाय न्हाई आलं तरी चालतंय."